सोजरची दुपार आन घरगाडीची बॅटरी

न्हाई गं नीलू, वेडा नव्हता त्यो. वेडा लिहिलं असशील तर आधी खोड. माणूस शाणा, हाताचा गुणी, पण बूड टेकवून बसणं त्याला ठावंच नव्हतं. च्या प्यायचा तर दारात उभा राहून. जेवायला बसला तरी एक पाय उंबऱ्याकडं. रात्री पडला तरी सोजरला इचारायचा, "भोंगा झाला का गं?" अंगात मुंग्या सोडल्यासारखा.

ज्योतीराम त्याचं नाव. उस्मानाबादेकडनं आलेला, आन भोसरीत आमच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. त्याची बायको सोजरबाई, मी नुसती सोजर म्हणायची. लेक इंदू तवा नुकती पाऊल टाकाया लागली व्हती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्सं झाली असतील, तवाची गोष्ट.

भोसरीत तवा जिकडं बघावं तिकडं नव्या शेडी उभ्या राहत व्हत्या. हात चालवणाऱ्याला कामाला तोटा नव्हता. पण ज्योतीराम टिकंल तर ना! फाउंड्रीत गेला, म्हणाला धूर लई. प्रेसवर गेला, म्हणाला दिसभर एका जागी बसून एकच पत्रा दाबायचा, मी माणूस हाय का खिळा? पेंटशॉपला जरा रमला. तिथं रंगावर हात बसला त्याचा, खालवर दोन हात कसे द्यायचे, बोल्ट काढून त्याच्या बुडातसुदिक रंग कसा न्यायचा, गंज कसा येऊ द्यायचा न्हाई, समदं शिकला. मंग तेबी सोडलं.

सोजर म्हणायची, "अवो, आता कुठली कंपनी राह्यली? का रोज नवीन काढायला सांगू सरकारला?"

त्यो म्हणायचा, "कंपन्या वाईट न्हाईत गं. भिंती वाईट."

तिनं ट्रंकेतली भांडी फळीवर कवा मांडलीच न्हाईत. मी इचारलं तर म्हणाली, "मांडली की हे उठवत्यात. नको मांडायला."

आन मंग ती गाडी आली.

कुणी गोरं जोडपं तिकडं इलायतेतनं रस्त्यानं रस्त्यानं ही गाडी चालवत आलं व्हतं म्हणं. हिकडं येऊन गाडी थकली का ती दोघं थकली कुणास ठाऊक, गाडी हितंच टाकून इमानात बसून गेली. ती एका धर्मादाय मंडळानं घेतली, फिरत्या दवाखान्यासाठी. स्टेरिंग उलट्या बाजूला. पण आत बघशील तर घर! झोपायला दोन फळ्या, हात धुवायची मोरी, चूल, कपाट, छताला दिवे, भिंतीला पंखा. समदे तिला घरगाडी म्हणायचे. अरुंधतीबाई डॉक्टर तिच्यातनं चाकणच्या पुढं, खेडच्या वरल्या अंगाच्या वाड्यांवर जायच्या. चार-पाच दिवस तिकडंच मुक्काम. बाई आन नर्स आत झोपायच्या, डायव्हर भाईर गाडीच्या आडोशाला.

डायव्हर म्हणून ज्योतीराम लागला, आन टिकला! एक वरीस गेलं, दुसरं लागलं. भिंती बी व्हत्या, पण चाकावर. परत आला की गाडी आमच्या रांगेसमोरच्या मोकळ्या जागेत लावायचा आन तिलाच पुसत बसायचा. सोजरला बरं वाटायचं, नवरा एका कामाला लागला. आन वाईटबी वाटायचं. महिन्यातनं निम्मे दिस त्यो डोंगरात. इंदू त्याला बघून रडायची. कोण ह्यो मिशाळ माणूस, म्हणून आईच्या पदरात तोंड घालायची. ज्योतीराम हसायचा, पण ते हसू लगीच विझायचं.

त्या गाडीला बॅटऱ्या दोन. एक इंजनाची, गाडी चालू करायला. दुसरी घराची, फळीच्या खाली ठेवलेली. दिवे, पंखा, समदं ह्या दुसरीवर. गाडी पळती तसा डायनामा दोनीबी बॅटऱ्या भरतो. म्हंजे दिसा गाडी पळवायची, सांजंला दिवे लावायचे. आन दवाखान्याला सांजचंच काम. बाया-माणसं रानातनं घरी आल्यावरच येणार ना दुखणं घेऊन?

त्या वर्षी दसऱ्याला ज्योतीरामनं गाडी अशी नटवली, अशी नटवली! खंडेनवमीला हत्यारं पुजायची, गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, ते तर समदेच करत्यात. ह्यानं चार दिस आधीच काम काढलं. पेंटशॉपातल्या दोस्ताकडनं चंदेरी रंगाचा डबा आणला. सोजर डबा धरून मागं मागं, ह्यो गाडीखाली उताणा, मंग आत, मंग फळ्यांच्या खाली. एकेक बोल्ट खोलायचा, घासायचा, बुडाला दोन हात रंग द्यायचा, वाळला की परत आवळायचा.

सोजर म्हणाली, "अवो, फळीखालचं कोण बघणार हाय?"

"देवी बघणार न्हाई का? वरनं पावडर आन खालनं मळ, अशी उभी करू व्हय तिच्यापुढं?"

पूजा झाली, नारळ फुटला, गाडी डोंगरात गेली. आन दुसऱ्याच सांजंला दिवे पिवळे पडले. तिसऱ्या सांजंला गेलेच. एका बाईचा पाय खुरप्यानं कापलेला, अरुंधतीबाई टाके घालत व्हत्या, निम्मे टाके झाले आन अंधार! ती बाई बोंबलली, नर्सनं कंदील शोधला, ज्योतीराम आगपेटी घेऊन धावला, तीन काड्या मोडल्या तवा एक पेटली.

परत आला ते थेट भीमराजकडं. भीमराजचं बॅटऱ्या भरायचं दुकान व्हतं भोसरीच्या रस्त्याला. तेजाबानं त्याच्या सदऱ्याला भोकंच भोकं. त्यानं बॅटरी रातभर चार्जिंगला लावली, बघितली, म्हणाला, "भरती हाय की. ने."

नेली. दोन सांजा दिवे लागले, तिसऱ्या सांजंला गेले. मंडळानं नवी बॅटरी घेतली. तीबी तशीच. भीमराजकडनं भरून न्यायची तवर ठणठणीत, गाडीत घातली की दोन सांजंत बसली. डायव्हरपुढं एक मीटर व्हता, घराच्या बॅटरीचा. गाडी कितीबी पळवा, त्याचा काटा हलायचा न्हाई. म्हंजे भरणंच व्हत नव्हतं.

आता ज्योतीरामनं काय करावं? डायनामाचा पट्टा आवळला. त्याच दमात डायनामाचं कार्बन बदललं. त्याच दमात बॅटरीकडं करंट सोडणारा कटआउट उघडून घासला. मंग अर्ध्यातच सोडून वायरी उचकटाया लागला. आज हे, उद्या ते, हातात पान्हा आन तोंडात स्क्रू.

भीमराज वैतागला. म्हणाला, "राव, एका येळी एक बघत जा की. समदंच हलवलं तर दुखणं कुठं हाय हे कळावं कसं? ह्या टोकाला धर आन त्या टोकापातुर जा. मधी सोडू नको."

"जातो की. पण आधी त्यो रेग्युलेटर..."

"बघ! चालला दुसरीकडं! भावा, गाडी राहू दे, आधी तुलाच खाली बसवून बघाया पायजे."

असं करता करता दिवाळी आली. मंडळाचे सेक्रेटरी मुकुंदराव, एका कंपनीत मोठे साहेब व्हते, ते एका शनवारी आमच्या रांगेत आले. संगती अरुंधतीबाई. मुकुंदरावांनी गाडीत डोकं घालून बघितलं आन म्हणाले, "बाई, कंदिलावरच दवाखाना चालवायचा तर बैलगाडी काय वाईट? वाटेत बंद तरी पडणार नाही. चाकणच्या अर्जुनरावांना ही हॉटेलसाठी हवी आहे. सोमवारी सकाळी त्यांना घेऊन येतो. आपण जीप घेऊ."

अरुंधतीबाई म्हणाल्या, "जीपमध्ये बाळंतीण कुठे झोपवू? तुमच्या मांडीवर? सोमवारपर्यंत थांबा म्हणते ना मी."

"थांबतो की. सोमवारी लागली तर लागली." मंग ज्योतीरामकडं वळून ते म्हणाले, "तू काळजी करू नकोस. जीपला ड्रायव्हर आहे मंडळाकडे, पण तुला माझ्या कंपनीत लावून घेतो. पहिली शिफ्ट. दुपारी घरी. बायकापोरांत राहशील."

ज्योतीरामनं मान हलवली. हो म्हणाला का न्हाई म्हणाला, कळलंच न्हाई. पण दारात उभ्या सोजरनं ते ऐकलं. पहिली शिफ्ट, दुपारी घरी. तिनं इंदूला असं घट्ट धरलं की पोर कुरकुरलं.

आयतवारी सकाळपासनं ज्योतीराम गाडीत. भीमराजकडनं बॅटरी भरून आणली व्हती. एक बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या. सोजरला हाक मारली, "ये, बल्ब धर. मी म्हणंल तिथं टेकवायची वायर."

पयल्यांदा बॅटरीच्या दोन्ही बोंडांना, वर आलेल्या टोकांना, वायरी लावल्या. बल्ब लख्ख. "बघ, बॅटरीत दम हाय," त्यो म्हणाला. "आता एक वायर तिथंच ठेव, प्लसच्या बोंडाला. दुसरी गाडीच्या लोखंडाला टेकव."

सोजरनं टेकवली. बल्ब लागला न्हाई.

"अगं, रंगावर कशाला टेकवतीस? रंगातनं करंट जातो व्हय? उघडं लोखंड बघ. ते बघ तिथं, खिळ्यानं खरवडलंय."

तिनं उघड्या लोखंडाला टेकवली. बल्बाची तार नुसती लाल झाली, काजव्यासारखी, आन विझली.

"हात हलला तुझा," त्यो म्हणाला. "न्हाईतर बल्बच गेला. न्हाईतर कटआउटातनं काय तरी... थांब, परत डायनामा बघतो," आन उठून पुढं गेलाबी.

सोजर तिथंच वाकून बसलेली. तिची नजर फळीच्या खाली गेली. बॅटरीच्या दुसऱ्या बोंडापासनं एक जाड काळी वायर निघून गाडीच्या अंगाला बोल्टानं आवळलेली व्हती. बोल्ट चंदेरी, त्याच्या खालचं लोखंड चंदेरी, चारी बाजूनं चंदेरी. आन तिला आठवलं. ह्योच बोल्ट खोलून त्यानं बुडाला दोन हात दिले व्हते. डबा तिनंच धरला व्हता. म्हणजे वायरीचं टोक लोखंडावर न्हाई, रंगावर बसलंय. आन आत्ताच त्योच तर म्हणाला, रंगातनं करंट जातो व्हय?

बोल तिच्या जिभेवर आला. खरंच आला व्हता, ती मला पुढं शपथ घालून सांगायची. पण तेवढ्यात ज्योतीराम इंजनाकडनं माघारी आला, पान्हा त्यानं फळीवर टाकला आन म्हणाला, "बास. आता न्हाई जमत. देऊ दे अर्जुनरावाला. उद्या मुकुंदरावांकडं जातो, कंपनीचं टोकन घेतो."

सोजरनं तोंड मिटलं.

त्यो खोलीत आला. भिंतीला टेकून खाली बसला. नीलू, आमी समद्यांनी दारातनं डोकावून बघितलं, ज्योतीराम बसलाय! सोजरनं च्या दिला. बसून प्याला. इंदू दुडूदुडू गेली, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, मिशी ओढली. रडली न्हाई. सोजर चुलीपाशी. ज्यासाठी एवढे नवस बोलली व्हती ते समदं समोर मांडलेलं. नवरा घरात, लेक मांडीवर, दुपारची येळ.

पण तिचं मन काय ठिकाणावर न्हाई. एकच पातेलं तिनं घासलं, परत राखेनं घासलं. नळावर गेली, पाण्याला नंबर न लावता तशीच मोकळी कळशी घेऊन आली. माझ्याकडं आली मीठ मागाया. दिलं. जरा येळानं परत आली, परत मीठच. मी म्हणलं, "सोजरे, मिठाचं लोणचं घालतीस काय?" तर हसली न्हाई. दारात उभी राहून गाडीकडं बघत राहिली, मंग नवऱ्याकडं, मंग गाडीकडं.

ज्योतीराम हललाच नव्हता. इंदू त्याला "बा, बा" करत व्हती, त्याच्या कानातच जात नव्हतं. नजर समोरच्या पत्र्यावर. एक बोट तेवढं गुडघ्यावर ठक ठक ठक. सोजरला वाटलं, ह्यो बसलेला न्हाई. ह्याला कुणी बांधून घातलाय. आन बांधणारी मीच हाय.

तिनं ठरवलं, न्हाई बोलायचं. सोमवार जाऊ दे, गाडी जाऊ दे, मंग दोन-चार दिसांत सवय व्हईल त्याला. आन लगीच दुसरं मन म्हणायचं, कुणाला सवय झालीय? फाउंड्रीत झाली? प्रेसवर झाली? एक दिवस हीबी कंपनी सोडंल, आन तवा त्याला डोंगराचा रस्ता नसणार. कुठं जाईल मंग? माघारी यायची वाट तरी असंल का त्याला? घरगाडी निदान हितंच येऊन उभी तरी राहती.

ऊन कललं. इंदू त्याच्या मांडीवरच झोपली. बोट ठक ठक.

सोजर आत गेली, त्याच्यासमोर उभी राहिली. "अवो, त्यो बोल्ट खोला."

"कुठला बोल्ट?"

"फळीखालचा. बॅटरीच्या काळ्या वायरीचा. त्याच्या बुडाला तुमीच रंग दिलाय दसऱ्याला. डबा माझ्या हातात व्हता."

त्यो बघतच राहिला. मंग लेकीला सोजरच्या अंगावर टाकलं, आन असा पळाला! आम्ही समद्या मागं. पान्ह्यानं बोल्ट खोलला. वायरीचं टोक निघालं तर खाली रंगाचा जाड, गुळगुळीत थर, काचेसारखा. दिव्यांच्या दोनी वायरी थेट बॅटरीला, म्हणून भरल्या बॅटरीवर ते लागायचे, पण डायनामाचा करंट ह्या लोखंडातनं यायचा, त्यो रंगानं अडवला व्हता. पॉलिशपेपरनं खसाखसा घासलं, लोखंड पांढरं फेक निघालं. टोक घासलं, बोल्ट घासला, आवळला. सोजरला म्हणाला, "टेकव." तिनं वायर उघड्या लोखंडाला टेकवली. बल्ब असा लख्ख लागला की तिनं डोळे मिटले. मंग इंजन चालू केलं. मीटरचा काटा, एवढ्या दिसांचा झोपलेला, थरथरला आन भरायच्या बाजूला गेला.

रांगेतली पोरं टाळ्या पिटाया लागली. ज्योतीराम मात्र हसला न्हाई. त्यानं इंजन बंद केलं, आमाला म्हणाला, "जावा आता समद्या." आमी गेलो. पण पत्र्याच्या भिंती, ऐकू कसं येणार न्हाई?

"तुला कवा कळलं?"

बांगड्या वाजल्या, ती बल्बच्या वायरी गुंडाळाया लागली असंल.

"सोजर, कवा कळलं?"

"बल्ब धरला तवाच."

"सकाळी?"

"व्हय."

"आन आता दिवस कललाय."

"व्हय."

"का गं?"

"पहिली शिफ्ट म्हणाले. घरी राहशीला म्हणून."

मंग त्यो म्हणाला, आन असा आवाज म्या त्याचा कवा ऐकला नव्हता, "मला न्हाई गं राहता येत घरी. म्या बघितलं करून. आज दुपारभर बघितलं."

"म्याबी बघितलं की," सोजर म्हणाली. "म्हणून तर सांगितलं."

सोमवारी मुकुंदराव आले, संगती अर्जुनराव, धोतर सावरत, टेप घेऊनच. किती टेबलं मावतील ते मोजायला. ज्योतीरामनं दिवे लावून दाखवले, पंखा फिरवला, आन झालं ते समदं सांगितलं. रंगाचं, दसऱ्याचं, समदं. सोजरचं तेवढं न्हाई सांगितलं.

मुकुंदराव म्हणाले, "म्हणजे देवीसाठी नटवलीस आणि आम्हाला अंधारात बसवलंस!"

अरुंधतीबाई पदरात हसत व्हत्या. "मुकुंदराव, गाडी फार स्वच्छ ठेवली म्हणून काढलेला ड्रायव्हर तुम्ही पाहिलाय कुठे?"

अर्जुनराव टेप गुंडाळत म्हणाले, "मला काय, मला दिवे बी नको व्हते. भजी कंदिलावर बी तळत्यात."

पण मुकुंदराव काय एवढ्यावर सोडणारे नव्हते. म्हणाले, एक फेरी करून या. दिवे टिकले तर गाडी राहील. न्हाई टिकले तर अर्जुनराव हाईतच.

गाडी गेली आन आता मुंग्या सोजरच्या अंगात! सांज झाली की दारात. म्हणायची, "आता लावले असतील दिवे. दुसरी सांज ना आज? आज पिवळे पडायचे." तिसऱ्या सांजंला तर जेवलीच न्हाई. मी म्हणलं, "बाई गं, हितनं बघून काय दिवे टिकणार हाईत तिकडं?" तर म्हणाली, "दिवे टिकू देत न्हाईतर जाऊ देत, मला एवढंच कळंना झालंय की मी देवाकडं मागू काय."

गाडी आली ती भर दुपारी. आन काय सांगू, भगभगीत उन्हात आतले समदे दिवे लावून आली! खिडक्या पिवळ्याधमक, पंखा गरगर. रस्त्यावरची माणसं हसत व्हती, ह्याला दिसंना का काय? ज्योतीराम डोकं भाईर काढून वरडला, "सोजर, बघ गं!" इंदू धावली. गाडीकडं धावली, बापाकडं न्हाई. चाकाला हात लावून उभी राहिली.

गाडी राहिली. पुढं चार-पाच वर्सं चालली, ऐंशी सालाच्या पुढंमागं तिचं इंजन गेलं ते गेलंच. तवर ज्योतीराम डोंगरातच फिरत व्हता. लेक मोठी झाली, शाळंत गेली, बाप महिन्यातनं निम्मे दिस नसणारच हे तिनं धरूनच चाललं. आन सोजरनं त्याला जाऊ नका म्हणून कवा तोंडातनं काढलं न्हाई. कवा कवा नळावर उभी असायची आन भरलेली कळशी तशीच ठेवून रस्त्याकडं बघत राहायची. मी हाक मारली की म्हणायची, "काय न्हाई गं." दोघंबी गेली आता.

इंदूची लेक मृदुला हाय ना, पिंपळे गुरवला राहती ती. परवा लग्नात भेटली तर म्हणाली, "आमच्या आजीनं आजोबांना कधी अडवलं नाही, किती समजूतदार!" मी तवा काय बोलले न्हाई, लगीनघरात कुठं बोलणार. तर हे कागद तू तिला नेऊन दे. आन तोंडानंबी सांग, आडवलं व्हतं म्हणावं तुझ्या आज्जीनं. एक दुपार आडवलं व्हतं, आन मंग तिनंच सोडलं. दोन्ही सांग तिला, एकच नको सांगू.